एकशे पंधरावं कुलूप

त्या हिवाळ्यात माझा धंदा बरा चालला, हे आधीच सांगून टाकतो.
टेकडीवरचं इस्पितळ नोव्हेंबरात बंद झालं
आणि नाताळपर्यंत मी एकशे चौदा कुलपं बसवली,
तीही या गावात, जिथं दाराला बाहेरून
नुसता झाडू टेकवून ठेवला
की येणारा समजून जायचा, घरी कुणी नाही,
आणि तलावाकडं परत वळायचा.

टेकडीवरची कुलपंही आमचीच होती. आधी वडिलांची, मग माझी.
तेवीस दारं. आतल्या बाजूला मूठ नसलेली.
लहानपणी वाटायचं, मूठ लावायला विसरलेत.

बंबखान्यात सभा भरली. कॉफी पातळ होती.
हेलसिंकीहून आलेली अधिकारीबाई पडद्यावर आकडे दाखवत होती:
धोका किती, हजारात किती, तुमच्या मोटारीपेक्षा किती कमी.
मागून कुणीतरी ओरडलं, आमची पोरं शाळेत चालत जातात.
कुणीतरी म्हणालं, तीही माणसंच आहेत.
दोघांनाही टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच हातांच्या.

मग इर्या उठली.
सगळे गप्प झाले. तिचा भाऊ कसा गेला हे गावाला ठाऊक होतं,
दुसऱ्या गावी, बसथांब्यावर, एका अशाच सोडलेल्याच्या हातून.
ती म्हणाली, मला वेड्यांची भीती वाटत नाही.
मला त्या सोमवारची वाटते
ज्या सोमवारी त्याला सुई द्यायला कुणी आलंच नाही.
इथं तेवीस जणांना नर्स किती?
बाईनं कागद उलटला. दीड, म्हणाली.
इर्यानं विचारलं, अर्धी कुठली? वरची की खालची?
कुणी हसलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं कुलूप बसवलं,
दुहेरी खिट्टीचं, महागातलं.

जानेवारीत तावेत्ती आला.
आला म्हणजे, दुकानाच्या काचेबाहेर उभा राहिला.
उणे बावीस. पापण्यांवर बर्फ.
मी हातानं खुणावलं, या. तो हसला, आणि तसाच उभा.
मी पुन्हा खुणावलं. चांगली पाच मिनिटं गेली
तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला:
एकतीस वर्षं दार दुसऱ्यानंच उघडलेलं.
त्याचा हात मूठ विसरला होता.

मी उघडलं.
त्यानं खिशातून बर्फाचा ढेकूळ काढून गल्ल्यावर ठेवला, मुठीएवढा,
आत काचेचे दोन कण.
माझ्या खिडकीतून आला हा, म्हणाला. काल. परवा पण.
मला आतून लागणारं कुलूप पाहिजे.
कुणी टाकला, मी विचारलं.
त्यानं रस्त्याकडं बोट केलं.
रस्त्यावर त्या घडीला फक्त इर्या होती,
घसरगाडीला एका पायानं रेटा देत चाललेली,
मान खाली, पिशवीत पाव.
ती नव्हे हो, मी म्हणालो. तो म्हणाला, मला काय माहीत.
तीही तेच म्हणाली असती.

तसलंच बसवलं मी, दुहेरी खिट्टीचं.
त्यानं मार्कांची नाणी मांडली, एकेक, आकारवारी,
आणि मी हत्यारं आवरत होतो तेव्हा हळूच विचारलं:
रात्री ही किल्ली कुणाकडं नेऊन द्यायची?

मी उत्तर दिलं, अर्थातच. तुमच्याकडंच ठेवा, असं काहीतरी.
जिना उतरताना मात्र पायऱ्या मोजल्या, सोळा.
का मोजल्या कोण जाणे.

फेब्रुवारीत दीडाची एक झाली.
गावात काही घडलं नाही. घडलं नाही म्हणून
कुणी सभा भरवली नाही.
फक्त दर सोमवारी, अंधार पडता पडता,
दुकान बंद करताना मला इर्या दिसते,
समोरच्या फुटपाथवर, घसरगाडी थांबवून
वर त्याच्या खिडकीकडं बघत.
नर्सची मोटार येते. जिन्यातला दिवा लागतो.
मग ती जाते.

एका सोमवारी मोटार आली नाही.
इर्या रस्ता ओलांडून माझ्याकडं आली,
म्हणाली, तुझा फोन चालू आहे ना?
तिचा आवाज कापत होता. भीतीनं की रागानं, मी विचारलं नाही.
मी दार धरून ठेवलं, उघडं,
आणि ती नंबर फिरवत राहिली.