वागणुकीची वही

हेडबाईंनी दिली, दोनशे पानी. वर लाल शाईत:
'बस क्रमांक चार. वागणूक.'
जो दंगा करील त्याचं नाव लिहा, मावशी.
तीनदा आलं की बस बंद.

पयल्याच दिवशी दीड पान भरलं.
चिखलीत अकरा चढत्यात, आंबेवाडीत एकोणीस,
वडणगे फाट्यावर मी मोजायचं सोडतो.
बसायला बत्तीस, आत साठ,
दप्तरं धरली तर एकशेवीस.
गिअरजवळच्या पेटीवर चौघं,
माझ्या मांडीवर बालवाडीची एक शेंबडी राजकन्या,
माझ्याच पदराला नाक पुसून थँक्यू म्हणती.

मागं डब्याचं झाकण उडतं.
कुणाची तरी बाटली कुणाच्या तरी मानंत.
'मावशी, ह्यो बगा!' 'मावशी, हिनं आदी!'
तक्रार माझ्यापत्तूर पोचंस्तोवर शिवाजी पूल येतो
आणि पुलावर साठच्या साठ गप.
घाटाची कितवी पायरी पाण्यात गेली, बगत्यात.
पुराच्या सालापासनं लागलीया सवय.
तेवढं अर्धं मिनिट
वहीत काय लिवावं लागत न्हाई.

मंगळवारी दिग्विजय खाड्यानं
आसावरीची वेणी कापली.
क्राफ्टची कात्री. बोटभर केस, रिबिनीसकट.
पोरगी रडली न्हाई.
शाळा येईस्तोवर केस मुठीत धरून बसली.
मी त्याच्या थोबाडीत दिली.
त्याला वहीत रकाना न्हाई.

बुधवारी राजकन्येला बाबासो ड्रायव्हरच्या मागं ठेवून
मी त्याच्या जागंवर जाऊन हुबा ऱ्हायलो.
फाट्यावर चढतो, म्हंजे रोजचाच उभा.
वरचा दांडा हाताला येत न्हाई,
कुणाच्या तरी दप्तराचा हूक बरगडीत,
बाबासोनं ब्रेक मारला की आपण दुसऱ्याच्या अंगावर,
त्यो म्हणणार 'ढकलतोस व्हय रं?'
आणि म्होरं, बरोब्बर नाकासमोर,
एक तेल लावलेली वेणी
आंबेवाडीपासनं बसलेल्या पोरीची,
सटासट, सटासट, तोंडावर.

माझ्या हातात कात्री असती तर...
न्हाई, कापली नसती.
पण कात्री आठवली, एवढं खरं.

रात्री वही उघडली.
दिग्विजय खाडे: वेणी. हे लिवलंच. ते सुटत न्हाई.
त्याच्या खाली, आक्काताई पोवार: थोबाडीत एक.
त्याच्या खाली, बस क्रमांक चार: बत्तिसात साठ.
सोमवारी साठ. मंगळवारी साठ. आज एकसष्ट.
नेम तुमचाच हाय, बाई,
तीनदा आलं की बस बंद.

बाबासो म्हणला, आक्का, तुजीच बस बंद हुतीया बग.
हेडबाई अजून काय बोलल्या न्हाईत.
वही त्यांच्या टेबलावर, वर पेपरवेट.

आज आसावरी आली, केस कानापत्तूर कापून,
खिडकीशी बसली, कुणाशी बोलली न्हाई.
पूल आला. सगळी गप.
मागनं दिग्विजय म्हणला, कुणाकडंच न बगता,
'दोन पायऱ्या उतरलं.'

तिनं मान वळवली न्हाई.
पण पायऱ्या मोजल्या.
तिची बोटं काचंवर हलताना मी बघितली.