सतरा

मानवतच्या जिनिंगवर मी वजनकाट्याला असतो.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
एकोणीस वर्षांत
आकडा कधी चुकला नाही.

आणि रात्री कुलूप.
लावलं, ओढलं, निघालो.
पेट्रोल पंपापाशी हात म्हणाला, लागलं नाही.
परत.
पुन्हा पंप. पुन्हा परत.
कुत्री आधी भुंकायची,
मग त्यांनीही नाद सोडला.

परभणीत पहिल्यानं सलाईन लावलं. अशक्तपणा म्हणे.
दुसऱ्यानं झोपेच्या गोळ्या.
साहेब, मी झोपेत चालत नाही, जागा असतो,
हे सांगेपर्यंत पुढचा पेशंट आत.
नांदेडला सातशे रुपये फी,
भिंतीवर हसऱ्या बाळाचं पोस्टर.
"विचार सोडून द्या."
हाव म्हणलं, सोडतो.
कुठं सोडायचा ते विचारायचं राहिलं.
येताना गाडीत पिशवीची चेन बघत आलो,
पूर्णा, परभणी, मानवत रोड.

मेहुणा म्हणाला, किती दवाखाने पालथे घालता आता?
कुशावर्ता काही बोलली नाही.
तिनं फाईलीत
अजून एका कागदाला जागा केली.

सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या बोळात शेवटची खोली.
पाटी अर्धी पुसलेली, पंखा कुरकुरणारा.
तहसीन मॅडमनी मला आधी संपू दिलं.
मग विचारलं, "रात्री किती वेळा जाता?"

आकडा कुणी विचारलाच नव्हता आजवर.

"सतरा," मी म्हणालो. "कधी एकोणीस."
मॅडम हसल्या नाहीत. वहीत लिहिलं, १७.
मी उलटं वाचून घेतलं, बरोबर होतं.

"ह्या आजाराला नाव आहे," त्यांनी सांगितलं.
"गोळी मोठे डॉक्टर देतील, ती चुकवू नका.
बाकीचं आपण दोघं करू. उद्या सोळा.
सतराव्याला हात ओढ घेईल.
भीती चढेल, चढू द्या.
तिच्याशेजारी बसून राहा.
ती पण दमते."

दर मंगळवारी एसटी.
सोळा, पंधरा, तेरा, आणि पाडव्याच्या आठवड्यात अठरा.
चौदा लिहावं असं आलं मनात.
काट्यावरच्या माणसाला ते जमलं नाही.
मॅडमनी अठराही
त्याच अक्षरात लिहिलं.

काल चार.
पंपापाशी हात काहीतरी म्हणाला.
मी उभा राहिलो, भीतीही उभी राहिली.
समोरून कापसाचा ट्रक गेला.
सवयीनं मनातच वजन धरलं,
नऊ टन, थोडं वर.
खरं किती होतं
ते बघायला मागं गेलो नाही.