शनिवारची प्रत

अंबडच्या कारखान्यात आतल्या खोलीला
नेट नाही. मुद्दामच दिलेलं नाही.
म्हणून दर शनिवारी पंचवटीतल्या घरी बसून
मी सगळं डॉक्युमेंटेशन उतरवून घेते:
पायथनचं, डेटाबेसचं,
आणि त्या जर्मन कंट्रोलरचं, ज्याची साइट
हमखास अर्ध्यावर मान टाकते.
सोमवारी पेनड्राइव्ह, गेटवर नोंद,
वाघचौरेंची वाकडी सही.

जुनी आवृत्ती पुसत नाही मी.
तीन नंबरच्या मशीनला अजून
चौदा सालचंच कळतं.

खालच्या खोलीत दादा
लाल फडक्यातली नामावळी सोडतो.
साक्रीहून कुणी आलंय, अस्थी घेऊन.
पानं उलटतात, खोकला, पुन्हा पानं,
आणि सापडते पणजोबांची सही, मोडीत.
दादा विचारतो, आता घरात कोण कोण?
लिहून घेतो: धाकटी सून, दोन नातू,
परवा जन्मलेली मुलगी.
नाव ठेवलं नाही अजून.
तिच्यापुरती जागा कोरी सोडतो.

वर माझी पट्टी
एक्याण्णव टक्क्यांवर अडकलेली.
जिन्यातून हाक येते, तुझं झालं का गं?

नाही रे.
आत्ताच कुणीतरी कुठेतरी
एक ओळ बदलली.