तंबूच्या मागे

मुहर्रकच्या मोकळ्या मैदानात
सोमवारी उमेदवाराचा तंबू उभा राहिला.
आत लाल गालिचे, सोनेरी काठांचे सोफे,
कहव्याच्या किटल्या, खजुरांची ताटं,
आणि कापडाच्या पलीकडे
मी आणि माझा जनरेटर.
दीडशे केव्हीए. तासाला तीस लिटर डिझेल.

आजचा विषय सूर्य.
अरबी मला कामापुरती येते:
वायर, पाना, उद्या, पैसे कधी.
पण शम्स म्हणजे सूर्य हे कळतं,
नफ्त म्हणजे तेल तेही,
आणि डॉक्टर खलफ दर दोन वाक्यांमागे
एकाला हाक मारतात, दुसऱ्याला निरोप देतात.
वीस वर्षांत छपराछपरावर काच असेल म्हणे,
विहिरीनं आपल्याला सोडायच्या आधी
आपण विहिरीला सोडू म्हणे.
(असं बिजूनं सांगितलं, पेले विसळता विसळता.
त्यात त्याच्या पदरचं किती, अल्ला जाणे.)

टाळ्या पडतात. कुणीतरी एसी वाढवतो.
लोड चढतो, मशीन खाकरतं,
काळा धूर त्यांच्या हसऱ्या फ्लेक्सवरून
समुद्राकडे निघून जातो.
फ्लेक्सवर एक मोठा सूर्य छापलाय.
दिसत नव्हता रात्रीचा,
म्हणून मीच त्याच्यावर हॅलोजन लावला.

हसू नये. माणूस मनापासून बोलतोय.
भाषणाआधी मागे आले होते ते,
थोब वर धरून, तेलाचे डाग चुकवत.
किती पितो हा?
मी बोटं दाखवली.
जरा वेळ मशीनकडे बघत राहिले,
आजारी नातेवाइकाकडे बघावं तसे.
मग म्हणाले, पुढच्या वेळी पॅनल लावू.
मी म्हटलं, इन्शाल्ला.
हा शब्द इथे होलाही चालतो, नाहीलाही.

माझ्या मामानं सितऱ्याच्या टाक्या रंगवल्या, अकरा वर्षं.
त्या रंगावर आमच्या घराचा स्लॅब ओतला गेला.
तेलाला नावं ठेवायची तर
मला आधी घरातून बाहेर यावं लागेल.

साडेआठला मुनीरचा व्हिडिओ आला गावाहून.
सड्यावर मंडप, कातळावर खुर्च्या,
तिथेही निवडणूक.
आमचा उमेदवार हात उंचावून सांगतोय,
आखाताचं तेल इथे येईल, इथेच शुद्ध होईल,
मग कुणाच्या पोराला आखातात जावं लागणार नाही!
मागून एक बाई विचारते, आणि आमच्या कलमांचं काय?
त्यावर बँड सुरू होतो.
मी व्हिडिओ तीनदा लावला.
भाषणासाठी नाही.
मंडपामागे जनरेटर चालू होता,
त्याच्या आवाजावरून कळलं, बेल्ट सैल आहे.
मुनीरला लिहिलं, ज्याचा असेल त्याला सांग, आवळून घे म्हणावं,
नाहीतर ऐन भाषणात तुटेल.
लिहिल्यावर वाटलं,
कशाला सांगितलं.

इथे मला मत नाही.
तिथे आहे, पण मी इथे.

तेवढ्यात आतून पोरगा धावत आला,
बंद कर! डॉक्टर म्हणतायत, एक मिनिट बंद!
एक मिनिट आपण तेलावाचून बसू.
मी स्विच खाली ओढला.
अंधार. फ्लेक्सवरचा सूर्य गेला.
आत कुजबुज, एक खोकला, मोबाइलचे दिवे,
ऑक्टोबरची दमट हवा कापडातून आत शिरताना
जवळजवळ ऐकू आली.
आणि समुद्र.
पाच रात्री इथे उभा होतो,
समुद्र इतक्या जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

चाळीसेक सेकंद झाली असतील.
या हिंदी! कुणीतरी ओरडलं, खलास, खलास!
चावी फिरवली.
पहिल्या झटक्यात लागलं नाही.
दुसऱ्यात लागलं.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला.
मिनिट पार पडलं म्हणून
की दिवे आले म्हणून,
बिजूलाही सांगता आलं नाही.