श्रुतीभर उतरलेली

वाल्देकोकडे पैसे नव्हते.
पियानो लावून झाला, किल्ली पुसून मी पिशवीत टाकली,
तेव्हा कपाटामागून एक धुळीचं खोकं ओढत तो म्हणाला,
मुलगा टाकून गेलाय. आत तीन खेळ आहेत. चालतील?
मी काय म्हणणार. बाहेर उणे एकोणीस,
आणि त्याच्या शेगडीत बर्चचं एकच लाकूड.

एकसष्ट वर्षांचा माणूस मी. तार्तू गावात
लोक मला कानावरून ओळखतात, चेहऱ्यावरून नाही.
खेळबीळ ही पोरांची कामं.
खोकं पंधरा दिवस बुटांशेजारी पडून होतं,
त्यावर मी ओले मोजे वाळत घालायचो.

मग तो शनिवार. एमायोगी नदी गोठलेली,
रेडिओवर हवामानाचं रडगाणं,
आणि मी भाचीला, रीनूला, फोन करून विचारलं
की ही वायर नेमकी कुठे खुपसायची.
ती इतकी हसली की फोन ठेवून दिला. तिने, मी नाही.

'मिठाची बंदरं', भाग पहिला.
एक बाई होडीतून मीठ नेते. एवढंच.
ना मारामारी, ना राजकन्या.
पहिल्या तासात मी तीनदा खडकावर आपटलो,
चौथ्यांदा सगळं मीठ पाण्यात विरघळताना पाहिलं
आणि तोंडातून शिवी गेली,
आईच्या बोलीतली, वोरूकडची,
चाळीस वर्षांत न वापरलेली.

रात्री दोनला धक्का दिसला.
धक्क्यावर घंटा. येणाऱ्यानं वाजवायची, असा तिथला रिवाज.
वाजवली.
उतरलेली!
श्रुतीभर, फार नाही.
दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.
अंधारात चाचपडत पियानोपाशी गेलो,
पट्टी दाबली, परत आलो, परत वाजवली.
उतरलेलीच.
बेपर्वाई, मी म्हटलं. यंत्राचं काम, यंत्राचे कान.
झोपलो, पण ती कानात गेलेल्या पाण्यासारखी
डुचमळत राहिली.

दुसऱ्या भागात त्या गावाला आग लागून गेलेली असते.
धक्का नवा, लाकूड पिवळंधमक, माणसं निराळी,
मिठाचा भावही चढलेला.
घंटा तीच. काजळी धरलेली.
आणि सूर तेवढाच उतरलेला, केसाचाही फरक नाही.

इथे मला जरा बसावं लागलं.
बसलेलोच होतो म्हणा.

तिसऱ्या भागात ती बाई म्हातारी. होडी तिची मुलगी हाकते.
बंदर गाळानं भरलंय, घंटा कुणाच्या तरी गोठ्यात टांगलीय,
शेळीनं मान घासली की वाजते.
सूर? तोच.
म्हणजे कुणीतरी, जगाच्या कुठल्याशा खोलीत बसून,
नऊ वर्षं, ही एवढीशी चूक
उराशी धरून ठेवली होती. सुधारू दिली नव्हती.
आणि मी जन्मभर काय केलं?
दारोदार हिंडून उतरलेलं चढवलं.

परवा शाळेत गेलो होतो. तिथला वरचा गंधार कायम खाली बसतो,
पोरंही त्याच्यासोबत एक पायरी खाली येऊन गातात, सवयीनं.
बाईंना विचारलं, राहू देऊ का हा असाच?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्याकडे पाहावं तसं.
लावून दिला. बिल केलं. पाच युरो कमीच घेतले.

चौथा भाग आलाय. रीनूनं पाठवला,
वर चिठ्ठी: मामा, जेवत जा.
होडी पाण्यात घातली. वारा बरा आहे,
हात आता सरावलेत, खडक ओळखीचे झालेत.
लांबून धक्का दिसतोय, घंटेवर ऊन.
या भागात म्हणे सगळं नव्यानं, चोख करून दिलंय,
आवाजसुद्धा. खोक्यावरच छापलंय, मोठ्या अक्षरांत.

तीन रात्री झाल्या. मी वळसे घालतोय.
मीठ भिजत चाललंय.