उसवण

कांजूरला, सात नंबरच्या बिल्डिंगमध्ये,
चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आम्ही वाकळ पसरतो.
लिफ्ट बंद असली की बरं, कुणी तुडवत नाही.

शिंप्याकडची कातरणं, बँडवाल्याची लाल बाही,
जैबुनच्या मुलाचा शाळेचा शर्ट, खिशासकट.
अस्तराला फ्लोरीचा जुना पडदा.
चौघींनी चार कोपऱ्यांतून निघायचं,
कडेकडेनं धावदोरा घालत
मध्यात भेटायचं.

सगुणाचा मोतीबिंदू पिकत चाललेला.
तिचा टाका कधी तांदळाएवढा, कधी करंगळीएवढा.
आणि यंदा वाकळ प्रदर्शनात जायची होती,
काळ्या घोड्याला, भिंतीवर.

म्हणून वाकळ माझ्याकडे मुक्कामाला आली
की रात्री मी तिचा कोपरा उसवायचे,
पुन्हा घालायचे, तिच्याच जांभळ्या दोऱ्यानं,
जरासा वाकडा. संशय नको.

पुढच्या गुरुवारी बघावं
तर तांदूळ, करंगळी, तांदूळ.
मला वाटायचं, मीच विसरले.
मग जैबुननं सांगितलं:
ती बोटानं वाचते गं.
हा माझा नाही म्हणते, आणि उसवते.

असं पावणेदोन महिने.
त्या कोपऱ्यात टाक्यांपेक्षा भोकं जास्त.

प्रदर्शनात एक गृहस्थ तिथंच वाकले,
चष्मा काढून, बराच वेळ.
"इथं नेमकं कुठलं तंत्र वापरलंय?"

सगुणा माझ्याकडे न बघता म्हणाली,
"भांडण."

जैबुनला ठसका लागला.
हात लावू नका अशी पाटी होती,
तरी मी उगाच
सरळच असलेली वाकळ
सरळ केली.