शक्यतो

हरभट रोडला माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, प्रचाराची पत्रकं, दशक्रियेची कार्डं.
भिंतीवर, माझ्या खांद्याच्या वर वीतभर,
पुराची रेघ आहे. दोनदा रंग दिला,
दोनदा ती वर आली.
मग तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

मंगळवारी पाचजण उतरले एकाच रिक्षातून:
मिरजेचे रेव्हरंड काळोखे, विहारातल्या सुगंधाताई,
दर्ग्यामागचे शब्बीर मुजावर,
बस्तीतल्या पद्मावती मगदूम, गाळलेल्या पाण्याची बाटली सांभाळत,
आणि मठाचे जंगमस्वामी,
रिक्षाचे पैसे मीच देणार म्हणून अजून भांडणारे.

कायद्याचा मसुदा होता. हवा, धूर, नदी.
त्यावर हरकती टाइप करायच्या, सोमवारच्या आत मुंबईला.
"कारखान्यांनी धूर शक्यतो कमी करावा.
पूररेषेत बांधकाम शक्यतो टाळावे."
पद्मावतीबाईंनी जपमाळेवर मोजले होते: अकरा शक्यतो.
कॉम्प्युटरला दहाच सापडले.
बाई हटेनात.
अकरावा निघाला ओळीच्या टोकाला,
शक्य वर, तो खाली.

"शक्यतो चोरी करू नकोस," रेव्हरंड हसले,
"असं लिहिलं असतं तर?"
मुजावर म्हणाले, रोजा काय शक्यतो असतो व्हय?
सुगंधाताई मात्र थांबल्या.
"आमचं शील म्हणजे हुकूम नाही ओ.
मी शिकेन, असंच म्हणायचं असतं.
पण ते ज्याचं त्यानं, स्वतःच्या तोंडानं.
चिमणीला कुठलं आलंय तोंड?"

जंगमस्वामी कपातला चहा हलवत बसलेले.
"माझ्या भावाची वीटभट्टी हाय," ते म्हणाले.
कुणी काही बोललं नाही.
"शक्यतो काढा. पण मुदत लिहा. तारीख घालून लिहा.
तारीख असली की माणूस कामाला लागतो."
त्यावर तासभर वाद. दोन वर्षं, की पाच?
तीन लिहिली. कुणालाच पटली नाहीत.

मी विचारलं, वर काय टाकू?
माझ्या फाइलीत आधीपासून 'श्री' असतो.
पाचही जण एकमेकांकडं बघू लागले.
सोमवार किती तारखेला, म्हणून
मुजावरांनी कॅलेंडरचं पान उचललं
आणि पान धरूनच राहिले.
पद्मावतीबाई उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या.
रेघ त्यांच्या केसांच्या भांगाला लागली.
"बसून असते तर," त्या म्हणाल्या,
आणि पाणी प्यायल्या.

वरची जागा कोरी सोडली.

बिल झालं दोनशे चाळीस.
माझी पाटी आहे: उधार शक्यतो मागू नये.
जंगमस्वामींनी ती मोठ्यानं वाचली,
आणि बिल उधार ठेवून गेले.
संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
मी पाटी उतरवली.
कॅलेंडरही,
पण खिळा काही निघेना.